वालधुनीचे बिनतारी पहारेकरी

अंबरनाथच्या शिवमंदिरांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. त्या मंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीनें शिलाहारांचें राज्य पाहिलें, आगगाडी पाहिली, आगपेट्यांचा कारखाना पाहिला, आणि १९४९ सालीं कल्याणच्या लष्करी छावणीचें उल्हासनगर झालेलेंहि पाहिलें. आज मात्र तिच्याकडेच पाहवत नाहीं. म्हणून एका नव्या यंत्राची कुळकथा सांगतांना आम्हांस प्रथम हीच नदी आठवते.

हें यंत्र आगपेटीएवढेंहि असूं शकतें. त्यांत उष्णता, ओलावा किंवा पाण्याची आम्लता जाणणारा संवेदक, थोडा हिशेब करणारा भाग, बिनतारी संदेश धाडणारें साधन व एक लहान बॅटरी असते. अशीं अनेक यंत्रें पसरून ठेविलीं म्हणजे एक आपला निरोप शेजाऱ्यास सांगतें, तो पुढच्यास, आणि अखेर तो मुख्य ठाण्यास पोंचतो. बॅटरी पुरावी म्हणून हे जासूद बहुतेक वेळ निजलेलेच असतात! जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरींनीं दूरची घंटा वाजविली. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें 'स्मार्ट डस्ट'ची कल्पना निघाली, आणि २००३ सालीं अशा अल्पशक्ति संभाषणाचें ८०२.१५.४ हें प्रमाण ठरलें.

शेतींत ह्याचा उपयोग आपल्याकडे लवकर झाला. पवईच्या आय. आय. टी.च्या संशोधकांनीं नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यांत 'ॲग्रीसेन्स' नांवाचा प्रयोग केला. द्राक्षाचें पान किती वेळ ओलें राहिलें ह्यावर केवडा रोगाची भीति अवलंबून असते. तें कळलें तर बागाईतदारास नुसत्या धास्तीनें फवारणी करावी लागत नाहीं.

कारखान्यांची गोष्ट इतकी सरळ नाहीं. मध्यवर्ती प्रदूषण नियंत्रण मंडळानें फेब्रुवारी २०१४ मध्यें सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांस सांडपाणी व धूर अखंड मोजून आंकडे परस्पर धाडणारीं यंत्रें बसविण्यास सांगितलें. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरच्या पहाटे उल्हासनगरांत वालधुनींत टँकरमधून रसायन ओतलें गेलें आणि शेंकडों माणसें गुदमरून रुग्णालयांत गेलीं. पहारेकरी कारखान्याच्या दाराशीं; टँकर कांहीं त्या दारानें नदीकडे येत नाहीं.

पुराचेंहि तसेंच. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली व सुमारें १,०५० उतारूंची सुटका करावी लागली. नदी रुळांवर एकाएकीं उगवत नाहीं. ती वर कर्जत-नेरळकडून चढत येते, आणि पाण्याची पातळी सांगणाऱ्या यंत्राची जागा तेथेंच होय.

वालधुनीसाठींहि आमचें म्हणणें हेंच कीं, यंत्रें पात्रांतच, थोड्याथोड्या अंतरावर असावींत. दोन यंत्रांच्या आंकड्यांतील फरकावरून टँकर कोणत्या टापूंत रिता झाला हें तरी कळेल. मात्र असल्या पाण्यांत संवेदकावर लवकरच चिकटा बसतो व तो खोटें सांगूं लागतो. त्यास नेमानें पुसणारा माणूस लागेल, आणि यंत्राच्या किंमतींत त्याचा पगार धरण्याची आपल्याकडे संवय नाहीं.