बेरीज शून्य

1997 च्या जानेवारीत, इस्रायलमधल्या हैफा शहरात, ‘स्क्वेअर’ नावाचं नवं ब्लॉक सायफर मांडलं गेलं. ते घडवलं होतं योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन तरुणांनी. निबंधावर तिसरं नाव होतं लार्स क्नुडसेन या डॅनिश संशोधकाचं, आणि त्याचं काम होतं ते सायफर फोडून बघायचं! त्याचा हल्ला सहा फेऱ्यांपर्यंत पोचला. मग फेऱ्या आठ केल्या आणि हल्लाही त्याच निबंधात छापला. ज्याने घर फोडून दाखवलं, त्याचंच नाव दारावरच्या पाटीवर. मला या इतिहासातलं हेच सगळ्यात आवडतं.

युक्ती अशी. 256 संदेश घ्या, एक बाइट सोडून हुबेहूब सारखे. त्या एका बाइटमध्ये 0 ते 255 प्रत्येक किंमत एकदाच. तीन फेऱ्यांनंतर एकेक संदेश पाहिलात तर निव्वळ कचरा. पण सगळे एकत्र घेऊन कुठल्याही एका जागेवर 1 किती वेळा आला ते मोजा: दर वेळी सम. दिव्याचं बटण सम वेळा दाबलं की दिवा होता तसाच राहतो, तसं. या शून्य बेरजेवरून किल्लीचे चुकीचे अंदाज गाळत जायचं. 2002 मध्ये क्नुडसेन आणि डेव्हिड वॅग्नर यांनी या पद्धतीला ‘इंटिग्रल’ हे नाव दिलं.

स्क्वेअरच्या वारसाला, म्हणजे तुमच्या फोनमधल्या एईएसला, दहा फेऱ्या परवडतात. चिमुकल्या आरएफआयडी टॅगला प्रत्येक फेरी महाग पडते. 2007 चं ‘प्रेझेंट’ जेमतेम 1570 गेट्सच्या जागेत बसवलेलं. त्यात सुटे बिट नुसत्या तारांनी इकडून तिकडे जातात. बाइटचा हिशेब तिथे कामाचा नाही. 2008 मध्ये बिटागणिक हिशेब मांडला गेला, तेव्हा हल्ला 31 पैकी सात फेऱ्यांपर्यंत गेला. म्हणजे प्रेझेंट सुखरूप.

मित्सुबिशीचं 1995 चं ‘मिस्टी1’ मात्र वाचलं नाही. 2015 मध्ये जपानच्याच योसुके तोदोने ‘सगळ्या किंमती’ आणि ‘बेरीज शून्य’ यांच्या अधल्यामधल्या पायऱ्या शोधल्या, आणि त्यांच्या जोरावर मिस्टी1 च्या आठही फेऱ्या पार केल्या. त्यासाठी निवडलेले संदेश लागतात सुमारे 2 चा 63.58 वा घात, म्हणजे शक्य तितक्या संदेशांपैकी जवळपास तीन चतुर्थांश. यातून कुणाचा फोन लुटला जाणार नाही. तरीही वीस वर्षं टिकलेला दावा त्या दिवशी कागदावर पडला. त्याच वर्षी आखिया बार-ऑनने गणिताचा खर्च 2 च्या 69.5 व्या घातापर्यंत खाली आणला.