काळोख कुणी वाढवला?

मागच्या महिन्यात एका रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत हिंडत होतो. दोन चाळींमधली गल्ली, वर वाळत घातलेले कपडे, आडव्यातिडव्या केबली, निळी पिंपं, स्टुलावर पेपर वाचत बसलेले एक काका आणि मागे नवा टॉवर. फ्रेम मस्तच होती!

रात्री लॅपटॉपवर बसलो. फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला, कॉन्ट्रास्ट चढवला, सावल्या गडद केल्या. केबली पुसल्या, टॉवर कापला. ऑफिसात दाखवला तर सगळे म्हणाले, "काय डेप्थ आलीये यार!" मी खूश.

पुढच्या शनिवारी प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "फोटो छान आहे, पण ही आमची गल्ली नाय वाटत. तू भर दुपारी आलावतास ना? मग एवढा काळोख कुठनं आणलास?" च्यायला! यावर काय बोलणार?

घरी येताना थॉमस अ‍ॅनन आठवला. 1866 साली ग्लासगोत शहर सुधारणेचा कायदा झाला आणि जुन्या, कोंदट गल्ल्या पाडायचं ठरलं. त्या पाडण्याआधी त्यांची नोंद ठेवायचं काम या फोटोग्राफरला मिळालं. 1868 ते 1871 या काळात त्याने ते फोटो काढले. काचेवरचं ओलं रसायन, लांबलचक एक्स्पोजर, त्यामुळे हललेली माणसं भुतासारखी पुसट आली. गंमत म्हणजे नंतरच्या प्रिंट्समध्ये काही ठिकाणी कोऱ्या आकाशात ढग घातलेले दिसतात. म्हणजे 'एडिटिंग' आपल्या पिढीचा शोध नाही! गल्ल्या गेल्या, फोटो उरले. आज ते जुनं ग्लासगो बघायचं तर बरंचसं अ‍ॅननच्या नजरेतूनच.

आपल्याकडेही फार वेगळं घडलं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. प्लेगच्या काळातले फोटो आजही आहेत, त्यांतल्या काहींत ही अक्षरं दिसतात. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले गेले. पुढे 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट आलं, तेच आपलं बीडीडी. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर लावला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून 207 काँक्रीटच्या चाळी बांधल्या, त्यांतल्या 32 इथल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, खोली साधारण 160 चौरस फुटांची.

म्हणजे बघा, कोंदट गल्ल्यांवरचा उपाय म्हणून शहराने ज्या चाळी बांधल्या, त्याच शंभर वर्षांत पुनर्विकासाच्या यादीत आल्या. इथल्या कामाचं भूमिपूजन 2017 साली झालं. तुम्ही म्हणाल, मग वाईट काय? काहीच नाही. सामायिक संडासासाठी रांग लावायची हौस कुणालाच नसते. काकाही 500 चौरस फुटांच्या फ्लॅटची वाट बघतायत.

पण जाता जाता ते जे बोलले ते डोक्यात बसलं. "ती केबल का काढलीस? गणपतीला त्याच वायरीवरनं तोरण सोडतो आम्ही. आणि टॉवर पण ठेव. आम्ही तिकडंच जाणार ना! उद्या नातवाला दाखवायला फोटोच राहणार."

मी जे कचरा म्हणून पुसलं होतं, तोच त्यांच्या गल्लीचा पत्ता होता.

त्या रात्री मूळ फाईल पुन्हा उघडली. रंग ठेवले. उजेड दुपारचा होता तेवढाच ठेवला. फक्त क्षितिज जरा वाकडं होतं ते सरळ केलं. फाईलच्या नावात चाळीचा नंबर, तारीख आणि वेळ टाकली. ऑफिसात यावेळी कुणी फारसं काही बोललं नाही. "बरा आहे," एवढंच.

काकांनी मात्र बोट ठेवून खिडक्या मोजल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरची एक दाखवून म्हणाले, "ही आमची."