आखाजी, अगाशी आणि डुमस : सुरत बंद होती तेव्हाच्या गोष्टी

सुरतेत राहणाऱ्या माणसाला रविवारी संध्याकाळी घरात बसवणं म्हणजे शिक्षाच. आपल्याकडे महाराष्ट्रात पाहुणे येतात म्हणून रविवारी घर आवरतात, इथे रविवारी घराला कुलूप असतं. 'फरवा' जायचं. कुठे, ते स्कूटर सुरू झाल्यावर ठरतं. डुमसला टमाट्याची भजी, अठवाची चौपाटी, कॉजवेवर तापीचा वारा, थंडीत पोंक (पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण तोबत लिंबू-मिरीची शेव). आणि काहीच नाही जमलं तर गौरव पथच्या कडेला सतरंजी टाकून घरचाच डबा उघडायचा. आमचे आबा १९६८ साली अमळनेरकडून इथे डाइंग मिलमध्ये कामाला आले, तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून जेवणारी शेटमाणसं बघून त्यांना नवल वाटलं होतं. पाच वर्षांत तेही बसायला लागले. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली म्हणून शेजारचे काका आजही आम्हाला चिडवतात. आबा म्हणायचे, लुटायला कोण आलंय, आम्ही तर पगार इथेच खाऊन जातो.

ही सवय नीट कळली ती दोनदा बंद पडली तेव्हा. १९९४ मध्ये आणि २०२० मध्ये. नव्या पिढीला पहिली वेळ माहीतच नाही, म्हणून ती आधी लिहिते.

१९९४ च्या प्लेगची सुरुवात आपल्या मराठवाड्यातूनच झाली म्हणायची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पडक्या घरांत धान्य राहिलं, उंदीर माजले, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले. त्याच सुमारास इकडे तापीला पूर येऊन गेला होता. खालच्या वस्त्यांत चिखल, मेलेली जनावरं, कुजका वास. तशातच रविवारी, १८ सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं आणि अख्खं शहर नदीकाठी लोटलं. आम्ही पण होतो. तीन दिवसांत वेड रोड आणि लिंबायतकडून बातम्या यायला लागल्या, आणि हा प्लेग गाठीचा नव्हता, फुप्फुसाचा होता. पुढे त्याच्या निदानावर तज्ज्ञांमध्ये खूप वाद झाले. पण त्या आठवड्यात वाद घालायला कोणी थांबलं नव्हतं.

शाळा-कॉलेजं, थिएटरं, बागा सगळं बंद करण्याचा हुकूम निघाला. खरं तर हुकमाची गरज नव्हती, कारण शहरच पळालं. काही लाख माणसं चार-पाच दिवसांत सुरत सोडून गेली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानांत संपल्या. आम्ही उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कसेबसे शिरलो. मी तेव्हा एफवायला होते. डब्यात इतकी माणसं, की माझी एक चप्पल फलाटावर राहिली ती राहिलीच.

गावात पोचलो तर गावाने आम्हाला वेशीवरच थांबवलं. वाईट कोणी बोललं नाही. मामा स्वतः आला, दूरच उभा राहिला, आणि म्हणाला, "माय, मळ्यातली खोली झाडून ठेवली आहे." आठ दिवस आम्ही मळ्यात. मामी बांधावर डबा ठेवून जायची. आईला त्याचा राग नव्हता, उलट ती आयुष्यभर सांगायची की भावाने आधी खोली झाडली आणि मगच अडवलं.

देशभरात मिळून मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, आणि महिन्याभरात लोक परत आले. खरा बदल नंतर झाला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, आणि ज्या सुरतेत नाक दाबून चालावं लागायचं ती देशातल्या स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली. खाऊच्या गाड्या आणि हॉटेलं सुद्धा त्यांच्या तपासणीतून सुटली नाहीत. म्हणजे आज आपण निर्धास्तपणे रस्त्यावर लोचो खातो, त्यात त्या प्लेगचाही वाटा आहे.

आता २०२०. दोन्हींतला मोठा फरक आमच्या आईने पहिल्याच आठवड्यात सांगितला. ती म्हणाली, "तवा पळायला गाडी होती." खरंच, १९९४ मध्ये रोगापासून वाचायचा मार्ग म्हणजे उधना स्टेशन. २०२० मध्ये २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच दिवशी रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्याचं जाहीर केलं, आणि २५ पासून देशच बंद. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेली ही तापी खोऱ्याची लाइन आम्हा खानदेशी लोकांची नाळ आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथली निम्मी घरं याच लाइनने आली. प्लेग असो की २००६ चा महापूर, काही झालं की गावी जायचं ही आमची ठरलेली रीत. ती रीतच बंद. आणि बंदीसाठी सरकारने वापरलेल्या कायद्यांपैकी एक कुठला? १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई-पुण्याच्या प्लेगात इंग्रजांनी केला तोच, ज्या प्लेगात पुण्याला रँडचा खून झाला. शाळेत आपण तो धडा शिकलो तेव्हा वाटलं होतं का, की तो कायदा अजून जिवंत आहे?

एप्रिलच्या मध्यावर लिंबायत आणि शहराच्या आणखी काही भागांत संचारबंदी लागली. आमचं घर डिंडोलीला, नवरा पगारदार, दोन खोल्यांवर अगाशी (म्हणजे आपली गच्ची, पण सुरतेत राहून गच्ची म्हणणारा मी पाहिला नाही). त्यामुळे मी इथे छंदाच्या गोष्टी लिहू शकते. गल्लीच्या टोकाला लूमवर काम करणारी बारा पोरं एका खोलीत होती. लूम बंद, मालक फोन उचलेना, खोलीत पाळीपाळीने झोपायचं. त्यांना कुणी केक कसा करायचा ते विचारलं नाही. पुढे मे महिन्यात ओडिशाकडे श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा ती गेली. जाताना त्यांनी आमच्या डब्यांचे धुतलेले झारे-पातेले दारात ओळीने लावून ठेवले होते.

आमच्याकडे अगाशीने सगळी कामं केली. सकाळी ती वॉकिंग ट्रॅक. नवरा पायऱ्यांच्या कठड्यावर चिंचोके ठेवायचा, एक फेरी झाली की एक चिंचोका इकडून तिकडे. दुपारी तिथे बिबड्या. खानदेशात उन्हाळा म्हणजे बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड, आणि ते काम एकटीचं कधीच नसतं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, चार बायका, आणि कुणाची सून कशी त्याची चर्चा. त्या वर्षी आम्ही चार अगाश्यांवर चौघी, मधे गल्ली. ज्वारीचा घाटा कुणाचा पातळ झाला ते ओरडून सांगायचं. चर्चा मात्र जमेना, सुना ऐकत होत्या ना!

मुलांचं वेगळंच. दूरदर्शनवर २८ मार्चपासून रामायण पुन्हा लागलं आणि आजी-नातू पहिल्यांदा एका सोफ्यावर बसले. माझा धाकटा महापालिकेच्या मराठी शाळेत जात होता. सुरतेत पालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतही आहेत, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. शाळा बंद झाल्यावर त्याचं मराठी आईकडे आलं, आणि आईचं मराठी म्हणजे अहिराणी. सहा महिन्यांनी ऑनलाइन वर्गात तो बाईंना "काय करी राह्यनात?" म्हणाला. बाई जळगावच्या निघाल्या, त्यांनी अहिराणीतच उत्तर दिलं.

पण २६ एप्रिल २०२० चा रविवार काही केल्या गोड होईना. आखाजी होती. बाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीया म्हणजे खानदेशात आखाजी, आणि खानदेशातल्या लेकीला दिवाळी चुकली तरी चालते, आखाजी चुकत नाही. माहेरी जायचं, गौराई, झाडाला झोका, खापरावरची पुरणपोळी, आमरस. आईचं वय तेव्हा त्र्याहत्तर. लग्न झाल्यापासून ती एकही आखाजी चुकली नव्हती. अगदी १९९४ नंतरच्या आखाजीला सुद्धा, "आता वेशीवर अडवतो का बघते" म्हणत गेली होती. भावाने अगाशीच्या लोखंडी अँगलला सोल बांधून झोका केला. आई बसली, दोन झोके घेतले आणि म्हणाली, "पुरे, पाय जमिनीला लागतात." मामाला व्हिडिओ कॉल लावला. तो अंगणातल्या निंबाखाली खाट टाकून बसला होता, आणि मागे झोका रिकामा. दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत, फक्त एकमेकांचा फोन नीट धरलाय का ते सांगत राहिले.

बाकी सण कसे गेले ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. गणपती २२ ऑगस्टला बसले आणि घरातल्या बादलीत विसर्जित झाले. मंडप नाही, मिरवणूक नाही, लिंबायतच्या ढोलांशिवाय गेलेला माझ्या आठवणीतला पहिला गणेशोत्सव. नवरात्रात गरब्याला सरकारची पूर्ण बंदी. चंदनी पडव्याला सुरती माणूस चांदण्यात रस्त्यावर बसून घारी खातो, त्या वर्षी घारी अगाशीवर आली, भूसूही आलं, पण शेजारच्या अगाशीवर ताट पोचवायचं कसं यावर अर्धा तास खल झाला. शेवटी पापड सुकवायच्या काठीला पिशवी लावली. दिवाळी झाली आणि २१ नोव्हेंबरपासून रात्री नऊला संचारबंदी. सुरतेत नऊला तर लोक बाहेर पडायला सुरुवात करतात! २१ डिसेंबरला गुरू आणि शनी आकाशात अगदी चिकटून दिसले, ते बघायला मात्र कुणाची परवानगी लागली नाही. धाकट्याने त्या दिवसापासून ताऱ्यांची वही केली, ती आजही चालू आहे.

उत्तरायणाचा नियम मजेशीर होता. २०२१ च्या संक्रांतीला अगाशीवर फक्त त्याच इमारतीत राहणारे. डबगरवाडहून मांजा आणला, पतंग आणले, पण माझी नणंद समोरच्या सोसायटीत, तिला आमच्याकडे यायची बंदी. तर भाच्याने त्यांच्या अगाशीवरून आमच्या धाकट्याचे चार पतंग कापले. एरवी ती पोरं एका फिरकीवर असतात.

मार्च २०२१ मध्ये बागा पुन्हा बंद झाल्या. या दुसऱ्या वेळी कुणी चिंचोके मोजले नाहीत. रात्रंदिवस रुग्णवाहिका.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मामा आजारी पडल्याचा फोन आला. इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या वाटेवर नवापूर स्टेशन आहे, त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. बाकडंही दोन राज्यांत, फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. लहानपणी आम्ही त्यावर मधोमध बसायला भांडायचो. त्या वर्षात त्याच रेषेला धार आली. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने गुजरातेतून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा अहवाल मागितला होता, १ एप्रिलपासून गुजरातने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मागितला. तिकडे आम्ही सुरतवाले, इकडे आम्ही महाराष्ट्रवाले. भावाने आईला घेऊन दोन दिवस एका प्रयोगशाळेबाहेर रांगेत काढले, नमुना दिला. अहवाल चौथ्या दिवशी आला. मामा तिसऱ्या दिवशी गेला.

आईने अहवालाचा कागद घडी करून पोथीत ठेवला. निगेटिव्ह आहे, जपून ठेवायला हवा, एवढंच म्हणाली. १४ मेची आखाजी आम्ही केलीच नाही. पुरण शिजवलं नाही. भावाने झोक्याचा सोल सोडायला घेतला, तर तिने राहू दे म्हटलं.

त्या पावसाळ्यात तिने धाकट्याला लिहायला बसवलं. गावातली घरं कोणाची, कोणत्या विहिरीचं पाणी गोड, आखाजीला कोण कोणाच्या झोक्यावर बसायचं, कोण कुठे दिली. तो देवनागरीत अहिराणी लिहायचा, चुकला की ती पुन्हा सांगायची. दोन वह्या भरल्या. पैकी एकीत मामाच्या मळ्यातल्या त्या खोलीचं वर्णन आहे, दार कोणत्या दिशेला इथपर्यंत.

२०२२ ची आखाजी ३ मेला आली. गाडी सुरू झाली होती, आरक्षण मिळालं. आईने बिबड्यांचा डबा मामीसाठी बांधला आणि नवापूरला गाडी थांबल्यावर धाकट्याला खिडकीतून ते बाकडं दाखवलं. गावात वेशीवर कोणी नव्हतं. मामीने दारात पाय धुवायला पाणी ठेवलं होतं, आणि निंबाला झोका मामाच्या थोरल्याने आदल्या दिवशीच बांधला होता. आई त्यावर बसली नाही, वाळत घातलेल्या ज्वारीवरच्या चिमण्या हाकलत बाजूच्या खाटेवर बसली आणि झोक्यावर पोरींची रांग लागली तेव्हा कोणाचा नंबर आधी ते भांडण सोडवत राहिली.