तल्लफ : काही मिनिटांची झुंज

धूम्रपान सोडण्याचा निश्चय करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती दुपारचा चहा समोर आल्यावर. सिगारेट किंवा विडी ओढण्याची अनावर इच्छा, म्हणजेच तल्लफ, अनेकांचा संकल्प पहिल्याच आठवड्यात मोडून टाकते. मात्र ही तल्लफ कशामुळे येते आणि किती वेळ टिकते, हे ठाऊक असेल तर तिला परतवता येते.

तल्लफ का येते?

धूर छातीत ओढताच तंबाखूतील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे डोपामिन हे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रक्तातील निकोटिनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते व सवयीचा झालेला मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. सिगारेटमुळे ताण हलका होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हलकी होते ती बहुधा आधीच्या सिगारेटनंतर निर्माण झालेली अस्वस्थता.

धूम्रपान थांबवल्यावर चिडचिड, झोपमोड, वाढलेली भूक, कामात लक्ष न लागणे असे त्रास होतात. पहिले काही दिवस ते तीव्र असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. जेवण, चहाची टपरी, मद्यपान, मित्रांचा अड्डा यांच्याशी जोडली गेलेली तल्लफ मात्र काही महिन्यांनंतरही अचानक डोके वर काढू शकते.

त्या क्षणी काय करावे?

तल्लफेची लाट बहुधा पाच ते दहा मिनिटे टिकते. सिगारेट ओढली नाही तरी ती ओसरतेच. म्हणून 'आयुष्यभर ओढणार नाही' असे मनाला बजावण्यापेक्षा 'पुढची दहा मिनिटे ओढणार नाही' एवढेच ठरवावे. त्या अवधीत घोट घोट पाणी प्यावे, दीर्घ श्वसन करावे, बडीशेप किंवा लवंग चघळावी. जागेवरून उठून थोडे झपझप चालल्यानेही तल्लफ कमी होते.

पहिले काही आठवडे टपरी टाळून चहा कार्यालयातच घ्यावा. घरातील लायटर, रक्षापात्र व उरलेली पाकिटे काढून टाकावीत. तल्लफ कोणत्या वेळी येते याची नोंद ठेवल्यास आधीच सावध राहता येते.

औषधांची मदत

निकोटिनचे च्युइंगम व पट्ट्या उपलब्ध आहेत. हे च्युइंगम सतत चघळायचे नसते. चव तिखट लागताच ते गाल व हिरडी यांच्यामध्ये काही वेळ धरून ठेवावे आणि चव गेल्यावर पुन्हा चघळावे. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी टाळावी, अन्यथा निकोटिन नीट शोषले जात नाही. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गर्भवती व हृदयरुग्णांनी च्युइंगमबाबतही आधी डॉक्टरांना विचारावे. सिगारेटऐवजी तंबाखू किंवा मशेरी जवळ करणे म्हणजे व्यसनाचे केवळ रूप बदलणे होय. ई-सिगारेटच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते. सिगारेटच्या पाकिटांवरही हा क्रमांक छापलेला असतो.

एखादे वेळी तोल गेला आणि सिगारेट ओढली गेली, तर 'आता सगळेच संपले' असे मानून उरलेले पाकीट संपवू नये. ते त्याच क्षणी टाकून द्यावे व मोह कोणत्या प्रसंगी झाला ते पाहावे. कायमचे यश मिळण्यापूर्वी अनेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. धूम्रपान सोडल्यावर सुमारे वर्षभरात त्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो, हे प्रत्येक नव्या प्रयत्नाच्या वेळी लक्षात ठेवावे.