रेघा जुळल्या की नुसत्या छेदल्या?

अंकीय तर्कमंडलांच्या जुन्या पाठ्यपुस्तकातील आकृती उलगडली नाही, की विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. पुष्कळदा अडचण त्याच्या बुद्धीत नसून चिन्हांच्या इतिहासात असते.

स्विचच्या मंडलांना बूलचे बीजगणित लागू पडते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले. गणित एकच होते; ते रेखाटण्याची लिपी मात्र एक नव्हती. जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या एडव्हॅक अहवालात प्रत्येक घटक वर्तुळाने दाखवला आहे. किती संकेत एकदम आले असता घटक चालू होईल, हे आतला अंक सांगतो. आदाने दोन असतील तर १ म्हणजे आजचे 'ऑर' द्वार आणि २ म्हणजे 'अँड'. आपल्या परिचयाचे द्वारांचे आकार १९६२ च्या अमेरिकी लष्करी प्रमाणकामुळे रूढ झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक संगणक त्याआधीच, १९६० साली, कार्यान्वित झाला होता. म्हणून पुस्तक हाती घेताच आपण प्रकाशनवर्ष पाहावे.

दुसरी अडचण छेदणाऱ्या रेघांची. वसई रोडला दिव्याची लोहमार्गिका मुख्य मार्गाला जुळते. रुळांवरचा उड्डाणपूल मात्र त्यांना नुसता ओलांडतो. नकाशात दोन्हीकडे रेघेला रेघ भेटलेली दिसते. काही पुस्तकांत जोडावर ठळक बिंदू असे. काहींत बिंदू नसे, उलट न जुळणारी तार लहानशी कमान करून पलीकडे जाई. छपाईत बिंदू पुसट झाला, की घोटाळा ठरलेलाच.

अशा वेळी आपण सत्यता सारणीला विचारावे. दोन 'नॉर' द्वारांचा फ्लिप-फ्लॉप घेऊ. एकल्स व जॉर्डन यांनी १९१८ साली निर्वात नलिकांनी साधलेल्या द्विस्थिर मंडलाचाच हा वंशज. यात प्रत्येक द्वाराचे प्रदान दुसऱ्याच्या आदानाकडे जाते, म्हणून आकृतीच्या मध्यभागी दोन रेघा छेदतात. त्या जुळल्या आहेत असे समजू. मग दोन्ही प्रदाने एकाच तारेवर येतील. परंतु 'सेट' आदान १ आणि 'रिसेट' ० असताना सारणीला एक प्रदान १ व दुसरे ० हवे असते. एकच तार एका वेळी दोन्ही असू शकत नाही. अर्थात, रेघा जुळलेल्या नाहीत.

वर्गात अशी आकृती आली, तर ती फळ्यावर दोन्ही अर्थांनी काढून घ्यावी आणि कोणती सारणीशी जुळते ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.