इशारा आणि सज्जता : एका अभ्यासकाची कारकीर्द



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते इतिहास शिकविताना लढाईपेक्षा लढाईपूर्वीच्या तयारीविषयी अधिक बोलत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तोच धागा मी धरणार आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आधी राज्य राखले आणि मग ‘आज्ञापत्र’ लिहिले. अनुभव आधी, ग्रंथ नंतर. अमेरिकेतील रिचर्ड फॉल्केनरॅथ यांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्यांनी आधी संकटाविषयी ग्रंथ लिहिला आणि मग त्या संकटाशी सामना देण्याचे काम त्यांच्याच अंगावर आले.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातून डॉक्टरेट मिळविलेले फॉल्केनरॅथ हार्वर्ड विद्यापीठात सार्वजनिक धोरण हा विषय शिकवीत. सन १९९८ मध्ये त्यांनी दोन सहलेखकांसह ‘अमेरिकाज अकिलीज हील’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अण्वस्त्रे, रोगजंतू किंवा विषारी रसायने वापरून होणाऱ्या हल्ल्याची शक्यता कमी असली तरी त्याचे परिणाम इतके भीषण असतील की शासनाला तो विचार टाळता येणार नाही, हे त्याचे प्रतिपादन. त्याला ताजी पार्श्वभूमी होती. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडण्यात आला होता आणि पुढच्याच महिन्यात ओक्लाहोमा शहरातील स्फोटाने १६८ जणांचे प्राण घेतले होते. १९९६ च्या कायद्याने अमेरिकेतील १२० शहरांतील पोलीस, अग्निशामक आणि वैद्यकीय सेवकांना प्रशिक्षण देण्याची योजनाही सुरू झाली. परंतु ही सज्जता अनेक खात्यांत विखुरलेली आहे, तिच्यात सुसूत्रता नाही, असे फॉल्केनरॅथ यांनी २००१ च्या वसंतात एका दीर्घ निबंधात दाखवून दिले.

तोवर ते स्वतः राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा परिषदेत दाखल झाले होते. त्याच वर्षी ११ सप्टेंबर उजाडला. पाठोपाठ टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू धाडले गेले आणि पाच जण दगावले. जी चर्चा पुस्तकांत होती ती एका रात्रीत राजकारभाराची निकड झाली. जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतर्गत सुरक्षेच्या राष्ट्रीय धोरणाच्या रचनेत फॉल्केनरॅथ यांचा मोठा वाटा होता. २२ खाती-विभाग एकत्र करून जे नवे मंत्रालय २००३ मध्ये उभे राहिले, त्याचा आराखडा मोजक्या माणसांनी गुप्तपणे केला. त्या माणसांतही ते होते.

येथे अभ्यासकाची खरी कसोटी लागते. ग्रंथ लिहिताना आपण दहा वर्षांचा विचार करू शकतो. शासनात मात्र कालची जखम आजचे धोरण ठरविते. नैसर्गिक आपत्तीत मदत करणारी जुनी यंत्रणाही या नव्या मंत्रालयात सामावली गेली, आणि दहशतवादाच्या धास्तीत तिचे मूळ काम मागे पडले. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडविले तेव्हा ही उणीव जगाने पाहिली. हे एकट्या फॉल्केनरॅथ यांचे अपश्रेय नव्हे. त्यापूर्वीच, २००४ मध्ये, त्यांनी शासन सोडले होते. पण आराखडा करणाऱ्यांत ते होते, हेही इतिहासाने नोंदविलेच पाहिजे.

शासनाबाहेर पडल्यावर, जानेवारी २००५ मध्ये, त्यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की श्वासावाटे मारणाऱ्या औद्योगिक रसायनांचे साठे आणि त्यांची वाहतूक हा देशातील सर्वांत घातक दुबळा दुवा आहे. हे वाचताना आपल्या प्रदेशातील माणसाला भोपाळ आठवल्यावाचून राहत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वस्तीतील माणसांना कोणत्या दिशेला पळावे हे कोणी सांगितले नव्हते, आणि इस्पितळातील डॉक्टरांना वायू कोणता हे ठाऊक नव्हते. तेथे अतिरेकी नव्हता. तरी सज्जतेचा अभाव तितकाच घातक ठरला. भोपाळवरून धडा घेऊन अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला आणि कारखान्यातील घातक द्रव्यांची माहिती परिसरातील नागरिकांना मिळण्याचा हक्क दिला. रासायनिक कारखान्यांना हल्ल्यापासून जपण्यासाठी २००६ मध्ये तेथे वेगळी तरतूद झाली खरी, परंतु जुलै २०२३ मध्ये तिची मुदत संपू दिली गेली. आठवण पुसट झाली की सज्जताही विरते, ती अशी.

२००६ ते २०१० या काळात फॉल्केनरॅथ न्यूयॉर्क पोलिसांत दहशतवादविरोधी विभागाचे उपायुक्त होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा त्या पोलीस दलाने आपले अधिकारी मुंबईस पाठविले आणि तेथील अनुभवावरून आपल्या तालमी बेतल्या. मुंबईच्या रक्तातून परक्या शहराने धडा घेतला, याचे दुःख मानू नये. आपण भोपाळवरून किती शिकलो, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारावा.

एक प्रसंग सांगून थांबतो. १ मे २०१० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या असलेल्या एका गाडीतून धूर निघत होता. तो प्रथम लक्षात आला पदपथावरील विक्रेत्यांच्या. त्यांनी जवळच्या घोडेस्वार पोलिसाला खबर दिली, चौक रिकामा करण्यात आला आणि बाँब निकामी झाला. धोरणे, मंत्रालये, ग्रंथ हे सर्व आवश्यकच. पण शेवटी सज्जता म्हणजे जागा असलेला नागरिक आणि त्याचे ऐकून घेणारा शिपाई. विद्वानाचा इशारा वेळेवर ऐकला जात नाही, आणि ऐकला जातो तेव्हा घाईने ऐकला जातो. म्हणून सज्जतेचे शिक्षण संकटानंतरच्या समित्यांवर सोपवून चालणार नाही. ते शाळेपासूनच सुरू झाले पाहिजे.