प्रश्न आपला, जाणकार परका

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात, कुक्करहळ्ळी तळ्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आम्हां दहाबारा मराठी कुटुंबांची एक बैठक महिन्यातील एका रविवारी भरते. बहुतेक सभासद केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतले. बदलीच्या हुकुमाने येथे आलेले आणि पुढच्या हुकुमाने जाणारे. महागाई भत्ता आणि मुलांच्या शाळा हे विषय चहाबरोबर संपले की कोणीतरी एखादा प्रश्न मांडतो आणि वाद रंगतो. गेल्या श्रावणात निघालेला प्रश्न मात्र तीन बैठकांना पुरून उरला. मराठीतील सर्वांत जुने कोरीव वाक्य कोणते, आणि ते खरोखर किती जुने?

हा प्रश्न म्हैसुरात निघावा हे साहजिकच होय. येथून सुमारे 80 किलोमीटरांवर श्रवणबेळगोळ आहे. गंगराजा राचमल्ल याचा मंत्री चावुंडराय याने तेथे गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती घडविली, ती दहाव्या शतकाच्या अखेरीस. मूर्तीच्या पायांपाशी दोन्ही बाजूंस लेख आहेत. एका बाजूस कानडी व तामीळ, तर दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत मराठी. ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही त्यांतील पहिली ओळ शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असते, आणि तिच्याबरोबर शके 905, म्हणजे इ. स. 983, हे सालही. आमच्या बैठकीच्या वहीत ते साल निश्चित सत्य म्हणून नोंदलेले होते.

शंका काढली ती एका तरुण सभासदाने. तो नुकताच तेथे जाऊन आला होता. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ आहे, तिच्यात गंगराजाने ‘सुत्ताले’ करविल्याचे म्हटले आहे. हा गंगराज कोण, आणि सुत्ताले म्हणजे काय, असे त्याने विचारले. कोणासही सांगता येईना. तेव्हा आम्ही सुचविले की, भारतीय पुरातत्त्व विभागाची पुराभिलेख शाखा 1966 साली उदकमंडलमहून म्हैसुरास आली. कोरीव लेख वाचण्यात आयुष्य घालविलेली माणसे या शहरात आहेत. त्यांपैकी एखाद्यास बैठकीस बोलवावे. यावर एक ज्येष्ठ सभासद चांगलेच तापले. “आपल्या भाषेच्या वयाचा निवाडा आता कानडी माणसाकडून करून घ्यायचा काय?” असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल मराठी विद्वत्तेच्या इतिहासात नवा नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे आपल्यासारखेच घरापासून दूर चाकरी करणारे गृहस्थ. 1889 साली ते बडोद्याच्या सेवेत शिरले आणि 1925 पर्यंत तेथेच राहिले. राजपुत्रांना शिकविता शिकविता त्यांना इतिहासाचा छंद लागला. मराठ्यांचा इतिहास लिहावयाचा, तर त्याची निम्मी साधने फारसीत. आणि फारसीचा अधिकार सरदेसायांकडे नव्हता. इकडे बंगालचे यदुनाथ सरकार औरंगजेबाचा इतिहास लिहीत होते. त्यांच्याजवळ फारसी अखबार व पत्रे होती. मराठी कागदांची मात्र उणीव होती. 1904 सालापासून या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकाने फारसीतील अडचण विचारावी, दुसऱ्याने मराठीतील विचारावी, असा हा व्यवहार यदुनाथांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1958 पर्यंत, अर्धशतकाहून अधिक काळ चालला. पुढच्याच वर्षी सरदेसाईही गेले.

पुण्यास 1910 साली इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले होते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद जमविणारी ही मंडळी. परप्रांतीय पंडिताने फारसी व इंग्रजी साधनांवर भर देऊन शिवचरित्र लिहावे, हे त्यांतील अनेकांस रुचले नाही. पुढे सरकारच्या ताब्यातील पेशवे दफ्तर निवडण्याचे काम यदुनाथांच्या शिफारशीने सरदेसायांकडे आले, तेव्हा ही नाराजी आणखी वाढली. त्या नाराजीस कारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी पदराला खार लावून साधने वाचविली, त्यांना दफ्तराचे दार बंद राहिले आणि दुसऱ्यासाठी ते उघडले, हे दुःख खरे होते. बाहेरचा जाणकार म्हणजे अंतिम न्यायाधीश नव्हे, हा मंडळाचा आग्रहही रास्तच होता. परंतु 1930 ते 1934 या अवघ्या चार-पाच वर्षांत त्या दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड छापून बाहेर पडले, आणि त्यांवाचून पेशवाईचा इतिहास आज कोणासही लिहिता येणार नाही. सरदेसायांनी परक्यास विचारले नसते, तर हानी यदुनाथांची थोडी आणि आपली अधिक झाली असती.

ही हकीकत आम्ही बैठकीत सांगितली. ज्येष्ठ सभासदांचे समाधान झाले नाही. पण त्यांनी विरोध सोडला. आम्ही कचेरीच्या सवयीप्रमाणे प्रश्नांस क्रमांक घातले, चारच प्रश्न ठेवले आणि एका निवृत्त लेखतज्ज्ञांकडे पत्र धाडले. ते आले. पंचाहत्तरीचे, धोतर नेसलेले, हाती कापडी पिशवी. शिळेवर ओला कागद ठोकून, शाई फिरवून ठसा कसा घेतात, तेथून त्यांनी सुरुवात केली. मग सांगितले की, गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचा परिसर त्याने 1117 च्या सुमारास बांधविला. ‘सुत्त’ म्हणजे कानडीत सभोवार. सुत्ताले म्हणजे सभोवारची वास्तू. मराठी वाक्यातला शब्द उलगडला तो कानडीने! दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असे मानले, तर पहिलीही बाराव्या शतकातच येते, आणि 983 हे साल लेखाचे न राहता मूर्तीच्या काळाचे ठरते. शके 934 चा, म्हणजे 1012 चा, अलिबागजवळील अक्षीचा लेख त्याहून जुना ठरतो. यासाठी शं. गो. तुळपुळे यांचा 1963 सालचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पाहा, असे त्यांनी सुचविले. तो ग्रंथ त्यांनी वाचला होता. आमच्यापैकी एकानेही वाचला नव्हता. आम्ही खाली मान घातली.

निघण्यापूर्वी त्यांनीच एक प्रश्न केला. ‘करवियलें’ हे रूप तुमच्या कानांस आज कसे लागते? आम्ही पदवीधर एकमेकांकडे पाहू लागलो. उत्तर आले ते स्वयंपाकघराच्या दारातून. यजमानांच्या मातोश्री नित्य ज्ञानेश्वरी वाचतात. “पोथीत असली रूपं पावलोपावली भेटतात की! मला नाही ती जुनी वाटत,” त्या म्हणाल्या. पाहुण्यांनी पिशवीतून वही काढून ते टिपून घेतले आणि त्यांना हात जोडले.

ज्येष्ठ सभासद त्यांना पोहोचवावयास रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. परत आल्यावर त्यांनी बैठकीची वही मागितली, शके 905 वर स्वतःच्या हाताने रेघ मारली आणि समासात ‘मतभेद आहे’ असे लिहून सही केली. मराठीचे वय कमी झाले की काय, असे कोणीतरी खेदाने म्हणाले. वय कमी झाले नाही, आपली चुकीची नोंद दुरुस्त झाली, असे त्यांनीच त्यास ऐकविले.

ठिकठिकाणी बदलीवर गेलेल्या वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे. आपण ज्या शहरी आहोत, तेथे आपल्या प्रश्नांची उत्तरे जाणणारा कोणी असतोच, आणि त्याच्या दृष्टीने पाहता परके आपण असतो. प्रश्न नीट तयार करून त्याच्या दारी जावे. जाण्यापूर्वी आपल्या भाषेतील ग्रंथ मात्र वाचून जावे. म्हणजे आमच्यासारखी मान खाली घालावी लागणार नाही.